हेवी लायसन काढायचंय? खान्देशातल्या पोरांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी माहिती

केळीचा सीझन सुरू झाला की मला फोन सुरू होतात. दादा, रावेरला एका गाडीवर ड्रायव्हर पाह्यजे, पण हेवी लायसन मागतात, ते कसं काढू? किती पैसे लागतील? आठवीची मार्कशीट हरवली, चालेल का? गेल्या दोन-तीन वर्षांत मी हेच सगळं इतक्या जणांना फोनवर सांगितलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे ज्याला लागेल त्याला पाठवता येईल.

मी स्वतः चोपड्याकडचा. आधी तीन वर्षं पिकअप चालवली, मार्केट यार्डात माल टाकायचो, मग हेवी काढलं आणि आता बाराचाकी चालवतो, जास्त करून सुरत लाईन आणि इंदूर लाईन. मला लायसन मिळायला जे चार महिने लागायला पाह्यजे होते तिथं नऊ महिने लागले, आणि त्यातले पाच महिने निव्वळ माहिती नसल्यामुळे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं.

१. आधी ठरवा, चालवायची कोणती गाडी

इथंच निम्मी पोरं चुकतात. गाडी पिवळ्या नंबर प्लेटची आहे म्हणजे हेवीच लायसन लागणार असं धरून चालतात आणि एजंटही तसंच सांगतो, कारण त्याचा धंदा आहे.

खरं गणित वजनाचं आहे. गाडीच्या आरसीवर जीव्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे गाडी आणि माल धरून एकूण वजन. ते ७,५०० किलोपर्यंत असेल तर ती गाडी एलएमव्हीत, म्हणजे हलक्या गाड्यांत येते, मग ती छोटा हत्ती असो, पिकअप असो की छोटी आयशर. अशा गाडीला साधं एलएमव्हीचं, म्हणजे कारचं लायसन चालतं. यावर बरीच वर्षं कोर्टात भांडण चालू होतं, विमा कंपन्या म्हणायच्या की ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही म्हणून आम्ही क्लेम देणार नाही. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला की ७,५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणून तुम्हाला फक्त पिकअपच चालवायची असेल तर हेवीच्या मागे लागून पैसे घालवू नका.

७,५०० किलोच्या वर गेलात, म्हणजे मोठी आयशर, सहाचाकी, दहाचाकी, बारा टायर, डंपर, दीपनगरच्या वीज केंद्रावर राख भरणारे बल्कर (बंद टाकीच्या गाड्या), बस, तर मग ट्रान्सपोर्ट क्लास लागणारच. आपण बोलताना हेवी म्हणतो, कार्डावर बहुतेक ठिकाणी ट्रान्स असं छापलेलं असतं. पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

२. वय आणि एक वर्षाचा हिशोब

एलएमव्ही लायसन १८ व्या वर्षी निघतं. ट्रान्सपोर्टला २० पूर्ण पाह्यजे. आणि याच्या सोबत दुसरी अट आहे जी कोणी सांगत नाही: ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळायच्या आधी तुमचं एलएमव्हीचं पक्कं लायसन कमीत कमी एक वर्ष जुनं असलं पाह्यजे. पक्कं, म्हणजे लर्निंगचा काळ यात धरत नाहीत.

आता याचा अर्थ बघा. एखादा पोरगा १८ ला काहीच करत नाही, १९ ला काही करत नाही, २० ला उठतो आणि म्हणतो मला हेवी काढायचं. त्याला आधी एलएमव्ही काढावं लागेल, मग वर्ष थांबावं लागेल. तेच १८ ला एलएमव्ही काढून ठेवलं असतं तर विसाव्या वाढदिवसानंतर सरळ हेवीला लागला असता. माझ्या मावसभावाचं असंच झालं, दोन वर्षं क्लीनर म्हणून गाडीवर गेला, गाडी हातात घ्यायला पूर्ण शिकला, पण लायसन टू-व्हीलरचंच होतं. मालक तयार, गाडी तयार, आणि हा अजून वर्षभर क्लीनरच. म्हणून घरात कोणी बारावीला असेल आणि या लाईनला यायचं मनात असेल तर आजच एलएमव्ही काढायला सांगा. पहिल्या लर्निंगला कॉम्प्युटरवर १५ प्रश्न येतात, ९ बरोबर लागतात, खुणांचा तक्ता दोन संध्याकाळ बघितला की होतं.

शिक्षणाचं: पूर्वी आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये ती काढून टाकली. आठवीच्या दाखल्याच्या नावावर कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, आणि खोटी मार्कशीट तर कधीच करू नका, ज्याची गरजच नाही त्याच्यासाठी गुन्हा अंगावर कशाला घ्यायचा. वाचता-लिहिता मात्र आलं पाह्यजे असं माझं मत आहे, बिल्टी, म्हणजे मालाची पावती वाचता येत नाही, बोर्ड वाचता येत नाही तर परराज्यात फार हाल होतात.

३. कागद, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कागदावरचं नाव

हे जमवून एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स:

- आधार कार्ड, मोबाईल नंबर जोडलेला
- चालू असलेलं एलएमव्ही लायसन, वर्ष झालेलं
- जन्मतारखेचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात सोपा
- पत्त्याचा पुरावा, आधारवरचा पत्ता जुना असेल तर जास्तच गरजेचा
- फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट
- फॉर्म ५, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट
- पासपोर्ट फोटो चार-सहा
- रक्तगट माहीत नसेल तर तपासून घ्या, फॉर्ममध्ये लिहावा लागतो

यादी सोपी आहे. अडकवतं ते नाव. माझं नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या कागदावर आणि जुन्या लायसनवर इंग्रजीत डी-एन-वाय नं सुरू होणारं स्पेलिंग, आणि आधार काढताना ज्यानं टाईप केलं त्यानं जी-वाय नं सुरू केलं. दहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. हेवीचा अर्ज भरला तेव्हा माहिती जुळेना, अर्ज परत. मी पुन्हा भरला, पुन्हा परत. मला वाटलं वेबसाईटचा प्रॉब्लेम आहे, महिनाभर तसाच बसलो. शेवटी झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरीनं दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट ठेवून दाखवलं, दादा हे बघा, इथं डी आहे आणि इथं जी.

म्हणून आज रात्री एवढं करा. आधार, लायसन, दाखला तिन्ही एका ओळीत मांडा आणि इंग्रजीतलं स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आपल्याकडं ज्ञानेश्वर, कृष्णा, लक्ष्मण, ऋषिकेश ही नावं प्रत्येक कागदावर वेगळी निघतात. वडिलांचं नाव पण बघा, एकीकडं भाऊसाहेब आणि दुसरीकडं भावसाहेब असतं, कुठं नुसतं आडनाव पुढं-मागं झालेलं असतं. जन्मतारीख पण. फरक सापडला तर आधी आधार केंद्रावर जाऊन दुरुस्त करा, ते झाल्यावरच अर्ज भरा.

४. डोळे आणि मेडिकल

ट्रान्सपोर्टला फॉर्म १ए लागतोच, वय कितीही असो. एमबीबीएस डॉक्टरकडं जा, सही आणि रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का दोन्ही घ्या. फॉर्मवर साधं साधं विचारलेलं आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, ऐकू नीट येतं का, रातांधळेपणा आहे का, फिट येतात का, हातापायात काही दोष आहे का. चष्मा लावून वाचता आलं तरी चालतं, मग गाडी चालवताना चष्मा लावायचा.

काही ठिकाणी माणसाकडं न बघताच शिक्का मारून मिळतो हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. तरी माझं ऐका, खरोखर तपासून घ्या. माझ्यासोबत एक जण होता, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की त्याचा डावा डोळा कमजोर आहे. दिवसा काही वाटायचं नाही. रात्री समोरून कोणी अप्पर, म्हणजे लाईटचा वरचा झोत मारला की दोन-तीन सेकंद त्याला साईडपट्टी दिसायची नाही, आणि तो म्हणायचा सगळ्यांचं असंच होतं ना? सगळ्यांचं असं होत नाही. चष्मा लागला आणि माणूस सुधारला. उन्हाळ्यात आपल्याकडं जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे बरेच जण रात्रीचीच गाडी काढतात, म्हणून डोळ्याचं जास्त सांगतोय.

५. ड्रायव्हिंग स्कूल आणि फॉर्म ५

कारच्या लायसनला घरच्या गाडीवर शिकलं तरी चालतं. ट्रान्सपोर्टला तसं नाही, मान्यता असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. स्कूल बघताना तीनच गोष्टी विचारा. एक, त्यांच्या लायसनमध्ये हेवी शिकवायची मान्यता आहे का, कारण भिंतीवर सगळ्यांनीच हेवी लिहिलेलं असतं. दोन, त्यांच्याकडं खरंच मोठी गाडी आहे का, आणि ती उभी नसून चालती आहे का. तीन, टेस्टच्या दिवशी तीच गाडी कागदांसकट मिळणार का.

आणि आता मोठा खड्डा. तुम्हाला कोणीतरी म्हणेल, तुला तर गाडी येते, चार वर्षं क्लीनर होतास, यायची गरज नाही, फॉर्म ५ असाच देतो, वर टेस्टचं पण बघून घेतो. मला एकानं सगळं मिळून तेरा हजार सांगितले होते. सरकारी फी किती आहे ते आता मोजा: लर्निंगचे १५०, टेस्टचे ३००, जुन्या लायसनवर नवा क्लास वाढवायचे ५००, स्मार्ट कार्डचे २००. वरचे किरकोळ धरले तरी पंधराशेच्या आत. बाकी जो खर्च आहे तो शिकायचा, आणि तो शिकण्यावरच घालवा.

मला पण वाटायचं मला गाडी येते. पिकअप तीन वर्षं मारलेली, मामाच्या ट्रकवर सुट्टीत गेलेलो. पण स्कूलमधले आमचे उस्ताद, साठीच्या जवळचे, त्यांनी पहिल्या दिवशी मला चालवूच दिली नाही. गाडी स्टार्ट करून हवा बनेपर्यंत मीटरकडं बघत बसायला लावलं. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर असतात, टाकीत प्रेशर पुरेसं झाल्याशिवाय गाडी हलवायचीच नाही, काटा कुठं आल्यावर निघायचं आणि चालताना काटा खाली येत असेल तर काय समजायचं, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. मामाच्या गाडीवर मी नुसता बसायचो आणि निघायचो.

मग चढावरचा धडा. गावाबाहेर पाटचारीवर चढाचा रस्ता आहे. तिथं चढात गाडी उभी करायला लावायचे आणि मागच्या चाकामागं वीतभर अंतर सोडून पाण्याची रिकामी बाटली उभी ठेवायचे. हँडब्रेक सोडून, क्लचवर गाडी उचलून पुढं काढायची, बाटलीला चाक लागता कामा नये. उस्ताद खाली उभे राहून ओरडायचे, "बाटली फुटनी का परत पयलेपासून!" मी पहिल्या दिवशी सात बाटल्या फोडल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी पायाला कळायला लागलं, क्लच कुठं पकडतो, इंजिनचा आवाज कधी जड होतो, त्या क्षणाला हँडब्रेक सोडायचा. आज कोंडाईबारी घाटात ट्रॅफिक जाम होतं, पुढं-मागं गाड्या चिकटून उभ्या असतात, माझ्या मागं एखादी अल्टो असते, त्यात लेकरं बसलेली असतात. तेव्हा मला ती बाटली आठवते.

उतारावर न्यूट्रल मारायची सवय असेल तर ती इथंच सोडा. डिझेल वाचतं म्हणून जुने लोक शिकवतात. गाडी गिअरमध्ये नसली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग धरतच नाहीत. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. बिजासन घाट उतरून आपण शिरपूरकडं येतो तो रस्ता माहितीय ना. २०२३ च्या जुलैमध्ये तिथंच पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्यालगतच्या हॉटेलात घुसला, किती तरी माणसं जागेवर गेली, बसची वाट बघत उभी असलेली साधी माणसं. मी त्या महिन्यात दोनदा तिथून गेलो, दोन्ही वेळा गाडीत कोणी बोललं नाही.

माझा कोर्स महिनाभर चालला. एक दिवस बुडवला नाही.

६. ऑनलाईन अर्ज आणि लर्निंग

सारथी परिवहनच्या सरकारी पोर्टलवर जायचं, राज्य महाराष्ट्र निवडायचं. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघा, सारख्या नावाच्या खोट्या वेबसाईट आहेत आणि त्या पैसे घेतात. तुमच्याकडं आधीच लायसन आहे म्हणून नवीन लायसनचा अर्ज न भरता क्लास वाढवायचा अर्ज भरायचा, हे नीट बघा, चुकीचा प्रकार निवडला की फी वाया जाते.

आरटीओ तुमच्या पत्त्याप्रमाणे निवडा: धुळे एमएच १८, जळगाव एमएच १९, नंदुरबार एमएच ३९. कागद अपलोड करताना मोबाईलनं तिरपा फोटो काढून टाकू नका, सरळ, स्वच्छ, चारही कोपरे दिसतील असा काढा. फी भरल्यावर पावती सेव्ह करा आणि अर्ज नंबर कुठं तरी वहीत लिहा, मोबाईल हरवतो, वही राहते.

लर्निंग मिळालं की ते सहा महिने चालतं. पक्क्या टेस्टला कमीत कमी ३० दिवस थांबावं लागतं आणि सहा महिन्यांच्या आत टेस्ट उरकावी लागते. सहा महिने उलटले तर पुन्हा लर्निंग, पुन्हा फी. शेतीची कामं, लग्नसराई, असं करत करत माझं एकदा संपलं, म्हणून तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

लर्निंगवर असताना शेजारी पक्कं लायसन असलेला शिकवणारा बसलेला पाह्यजे आणि गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल पाह्यजे. काही मालक लर्निंगवाल्या पोराला रात्री भरलेली गाडी देतात आणि ड्रायव्हर मागं झोपतो. नाही म्हणा. काही झालं तर विमा हात वर करेल, केस तुमच्यावर होईल. लायसन नसताना चालवलं तर दंड ५,००० आहे, आणि ज्यानं चालवायला दिली त्यालाही तेवढाच आहे, हे मालकाला सांगितलं की तो ऐकतो.

७. टेस्टचा दिवस

स्लॉट ऑनलाईन घ्यावा लागतो. जिल्ह्यात लोक जास्त आणि स्लॉट कमी, त्यामुळे ३० दिवस पूर्ण होताच बघायला लागा. सकाळी लवकर पोचा, नंदुरबारकडून तळोदा-अक्कलकुव्याहून येणाऱ्या पोरांनी तर आदल्या रात्रीच नातेवाईकाकडं मुक्काम केलेला बरा.

गाडीची आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी चालू आहे का हे एक दिवस आधी स्वतः बघा. माझी पहिली टेस्ट याच्यामुळे झालीच नाही, गाडीचा पीयूसी दोन दिवसांपूर्वी संपला होता आणि स्कूलवाल्यांच्या लक्षात नव्हतं. मी गाडी घासूनपुसून उभी केलेली, नवीन शर्ट घातलेला, आणि लाईनीतून बाहेर.

टेस्टमध्ये बघतात ते हे: बसल्यावर सीट आणि आरसे लावता का, बेल्ट लावता का, सुटताना मागं बघता का, गिअर न खरवडता चढवता-उतरवता का, चढावर उभी करून मागं न सरकवता काढता का, वळताना इंडिकेटर आणि आरसा, रिव्हर्स सरळ आणि वळणात. आरशांचं लक्षात ठेवा, नुसते डोळे फिरवू नका, मान थोडी हलू द्या, म्हणजे साहेबांना दिसतं की तुम्ही बघताय. रिव्हर्सला घाई नको. मोठ्या गाडीत मागचं चाक स्टेअरिंगनंतर बऱ्याच वेळानं ऐकतं, थोडं वळवा, थांबा, गाडी काय करते बघा, मग अजून वळवा. चुकलं वाटलं तर थांबून पुढं घेऊन सरळ करा. दाबून रेटत राहिलं की कडेला जाऊन लागतेच.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. नापास होण्यात कमीपणा काही नाही, आमच्या बॅचमधला सगळ्यात चांगला ड्रायव्हर दुसऱ्या वेळेला पास झाला.

८. बस, टॅक्सी किंवा टँकर चालवायचा असेल तर वरून अजून

प्रवासी वाहायचे, एसटीच्या भरतीला उभं राहायचं, स्कूल बस चालवायची, तर पीएसव्ही बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवायचा बिल्ला लागतो. त्याच्यासाठी पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं सर्टिफिकेट लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून हेवी हातात आल्या-आल्या अर्ज टाका. गावात किरकोळ भांडणात नाव आलेलं असेल तर आधी त्याचा निकाल लावून घ्या.

मनमाडजवळच्या पानेवाडीहून पेट्रोल-डिझेलचे टँकर आपल्याकडं येतात, त्यात पगार बरा असतो, बऱ्याच पोरांचा तिकडं डोळा असतो. त्याला लायसनवर धोकादायक मालाची नोंद लागते. त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेतलं तीन दिवसांचं ट्रेनिंग, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता येणं गरजेचं. नोंदीची फी १०० रुपये. ही नोंद तीन वर्षं चालते आणि वाढवताना पुन्हा एक दिवसाचं ट्रेनिंग करावं लागतं. इंग्रजीला घाबरू नका, टँकरवरच्या पाट्या, आकडे, सूचना वाचता येण्याइतकं महिन्याभरात येतं, माझा मित्र शिकला, रोज रात्री पोराच्या पुस्तकातून.

९. कार्ड आल्यावर

कार्ड पोस्टानं घरी येतं. खेड्यातल्या पत्त्यावर मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड नीट नसला की परत जातं, मग ते शोधायला आरटीओत खेटे. पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, मोबाईल नंबर देऊन ठेवा. तोपर्यंत डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं दाखवलं तरी कायद्यानं चालतं. आणि आपलं लायसन देशभर चालतं, सुरत असो की इंदूर, परराज्यात कोणी चालत नाही म्हणालं तर शांतपणे सांगा.

कार्ड हातात आलं की त्यावरच्या दोन तारखा शोधा. एक एनटीची, म्हणजे कारची, ती लांबची असते. दुसरी टीआरची, म्हणजे ट्रान्सपोर्टची, ती फक्त पाच वर्षांची असते. लोक वरची लांबची तारीख बघून निवांत राहतात आणि ट्रान्सपोर्ट कधी संपलं ते अॅक्सिडेंटनंतर विमावाल्याकडून कळतं. आमच्या पट्ट्यात एका मालकाची गाडी उलटली, ड्रायव्हर वीस वर्षांचा अनुभवी, टीआरची तारीख संपून दोन महिने झालेले. पूर्वी संपल्यावर तीस दिवस सवलत मिळायची, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. तारीख संपली त्या दिवसापासून तुम्ही विनालायसन आहात असंच धरा.

रिन्यूअल तारखेच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, तारखेनंतरही एक वर्षापर्यंत करता येतं पण त्या काळात गाडी चालवायची नाही. वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. दरवेळी नवीन फॉर्म १ए लागतो. मी माझी टीआरची तारीख मार्करनं पांढऱ्या पट्टीवर लिहून स्टेअरिंगच्या वर चिकटवलीय, आणि घरी बायकोनं कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीय.

शेवटचं एक राहिलं. पहिल्या नोकरीला जाल तेव्हा मालक मूळ कार्ड ठेवून घेतो म्हणेल, पळून जाऊ नये म्हणून. देऊ नका. झेरॉक्स द्या, आधारची झेरॉक्स द्या, गावातल्या दोन माणसांचे नंबर द्या, पण कार्ड आपल्या खिशात ठेवा. एखाद्याला अर्जात कुठं अडलं तर स्क्रीनशॉट काढून विचारा, मी गाडीवर असलो तर लगेच उत्तर नाही देणार, धाब्यावर थांबलो की देतो.